घरगुती नेब्युलायझरचा प्रश्न : एक आढावा

दम्याच्या रुग्णाच्या घरी, जेथे एका पिढीपूर्वी अडुळशाचा काढा, मधाची बाटली आणि छातीला चोळण्याचे मलम एवढीच सामग्री उशाशी असे, तेथे आज बहुधा विजेवर चालणारे एक लहानसे यंत्र ठेवलेले आढळते. आणि ज्या यंत्राचा अखत्यार काही दशकांपूर्वीपर्यंत इस्पितळातील परिचारिकेकडे होता, तो आता आईकडे, आजीकडे किंवा घरातल्या थोरल्या मुलाकडे आलेला आहे. हे स्थित्यंतर गाजावाजा न होता घडले. त्यामुळे नेब्युलायझर घरी वापरणे सुरक्षित आहे काय, असल्यास कोणत्या अटींवर, आणि त्या अटी ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न यंत्र घरोघर पोहोचल्यानंतर विचारले जाऊ लागले. त्यांची पूर्वपीठिका, त्यांविषयीची प्रमुख मते आणि अद्याप न सुटलेल्या बाबी यांचा क्रमाने परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न मूठभरांचा नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात भारतातील जुनाट श्वसनविकारांचा राज्यवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २०१६ साली देशात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट विकाराचे, सुमारे ५ कोटी ५३ लाख आणि दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिलेला आहे. यांतील कित्येकांना चुलीच्या धुराने, कित्येकांना विडीने, तर कित्येकांना उपजत प्रकृतीने ही व्याधी दिली. यांपैकी थोड्यांच्या घरी जरी हे यंत्र असले, तरी ते चालविणाऱ्या अप्रशिक्षित हातांची संख्या लाखांत जाईल.

यंत्राचे कार्य

नेब्युलायझरची रचना मुळात सोपी आहे. कॉम्प्रेसरमधून दाबाखाली आलेली हवा औषधाच्या कपाच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते, त्या वेगामुळे तेथील दाब कमी होऊन औषधी द्रव वर ओढला जातो, झोताने त्याचे तुषार होतात, आणि समोरच्या अडथळ्यावर आपटलेले मोठे थेंब कपात परत पडून केवळ सूक्ष्म थेंब रुग्णाच्या श्वासात जातात. साधारणपणे १ ते ५ मायक्रॉन व्यासाचे थेंब खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचू शकतात. त्याहून मोठे घशातच चिकटतात, आणि फार बारीक थेंबांतील बराच भाग उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. असे तुषार मिळावेत म्हणून मिनिटाला ६ ते ८ लिटर हवेचा प्रवाह लागतो. कपात घातलेला सगळा द्रव कधीच वापरला जात नाही. अर्धा ते एक मिलिलिटर, क्वचित त्याहूनही अधिक, कपाच्या भिंतींना धरून राहतो. म्हणूनच औषध अगदी थोडे असल्यास त्यात सलाईन मिसळून द्रव ४ मिलिलिटरच्या आसपास नेण्याचा प्रघात पडला. इतके करूनही हवेच्या झोतावर चालणाऱ्या अशा सर्वसाधारण जेट यंत्रातून फुप्फुसात उतरणारा हिस्सा घातलेल्या औषधाच्या सुमारे दहाव्या भागाएवढाच असतो, आणि यंत्रावर दिसणाऱ्या मोठ्या मात्रेचे रहस्य यातच आहे.

उकळत्या पाण्याच्या वाफाऱ्याशी या यंत्राचे केवळ बाह्य साम्य आहे. वाफाऱ्यात पाणी उष्णतेने वर जाते व त्यात विरघळलेली औषधे भांड्यातच राहतात; नेब्युलायझरमधून येणारे तुषार थंड असून प्रत्येक थेंबात औषध असते. वाफाऱ्याने लहान मुले भाजल्याची उदाहरणे दवाखान्यांना परिचित आहेत. यंत्राचे धोके निराळे असून ते चटकन दिसत नाहीत.

पूर्वपीठिका

श्वासावाटे औषध देण्याची कल्पना प्राचीन आहे. आयुर्वेदातील धूमपान सर्वांस ठाऊक आहे; परंतु दम्यासाठी धोत्र्याचा धूर ओढण्याची हिंदुस्थानातील रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेहून इंग्लंडात गेली आणि तेथे दम्याच्या औषधी सिगारेटी पुढे दीर्घकाळ विकल्या गेल्या, हे तितकेसे परिचित नाही. द्रव औषधाचे तुषार करणारे सुटसुटीत यंत्र १८५८ साली फ्रान्समध्ये साल-जिराँ या वैद्याने पुढे आणले. त्याला हातपंपासारखा दट्ट्या असे. पुढील दशकात जर्मनीत वाफेच्या जोरावर द्रव उडविणारे यंत्र निघाले, नंतर रबरी फुगा दाबून चालविण्याची काचेची उपकरणे आली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेच्या कॉम्प्रेसरने हाताचे श्रम संपविले.

मोठे वळण १९५६ साली आले. अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेने मोजून मात्रा देणारा, खिशात मावणारा पंप बाजारात आणला, आणि त्यामुळे नेब्युलायझर ही गंभीर रुग्णाची, इस्पितळातील चीज ठरली. १९६९ च्या सुमारास सालब्युटामॉल उपलब्ध झाल्यावर दोन्ही साधनांना एक तुलनेने निर्धोक व जलद औषध मिळाले. त्यानंतर कॉम्प्रेसर लहान व स्वस्त झाले, एका वेळेपुरते औषध भरलेल्या प्लॅस्टिकच्या बंद कुप्या, ज्यांना आपण रेस्प्यूल म्हणतो, औषधाच्या दुकानात मिळू लागल्या, आणि यंत्राने इस्पितळाचा उंबरठा ओलांडला.

पहिला वाद : यंत्र की पंप

घरगुती नेब्युलायझरविषयीच्या चर्चेत पहिला वाद त्याच्या आवश्यकतेचा आहे. सामान्य समजूत अशी, की यंत्र पंपापेक्षा अधिक ‘जोरदार’ आहे. इस्पितळात अत्यवस्थ रुग्णाला यंत्र लावतात, लावताच त्याला बरे वाटते, आणि हा अनुभव ज्याने पाहिला त्याला घरी तेच हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय आपल्याकडे पंपाविषयी एक जुना संकोच आहे. पंप एकदा लागला की सुटत नाही, मुलीला पंप आहे हे कळले तर स्थळ मोडेल, अशा भीतीपोटी पंप टाळून यंत्र पत्करणारी कुटुंबे थोडी नाहीत; वस्तुतः दोहोंत औषध तेच असते.

या समजुतीची शास्त्रीय तपासणी बरीच झालेली आहे. पंप नुसता न ओढता स्पेसरला, म्हणजे झडप असलेल्या पोकळ नळकांड्याला, जोडून ओढला तर तीव्र झटक्यात तो यंत्राच्या बरोबरीने उपयोगी पडतो काय, याचा कोक्रेन संस्थेने आढावा घेतला. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत ३९ चाचण्यांतील १,८९७ मुले व ७२९ प्रौढ यांची माहिती एकत्र केलेली आहे. इस्पितळात दाखल करावे लागण्याच्या प्रमाणात दोन पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. मुलांच्या बाबतीत तर स्पेसर वापरणाऱ्यांना तातडीच्या विभागात कमी वेळ थांबावे लागले आणि त्यांच्या नाडीची गती कमी वाढली. प्राणावर बेतलेले झटके या चाचण्यांतून बहुतांशी वगळलेले होते, ही मर्यादाही तेथेच नमूद आहे. सालब्युटामॉलच्या एका रेस्प्यूलमध्ये २.५ मिलिग्रॅम आणि पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे कागदावर पंचवीस पट अंतर दिसते. पण फुप्फुसात प्रत्यक्ष किती पोहोचते हे ध्यानात घेतले, म्हणजे दम्याविषयीची ‘जिना’ ही जागतिक मार्गदर्शिका प्रौढ व मोठ्या मुलांच्या झटक्यात स्पेसरमधून ४ ते १० दाब, गरजेप्रमाणे पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी, का सुचविते, याचा उलगडा होतो.

स्पेसर महाग पडतो या आक्षेपालाही दक्षिण आफ्रिकेतून उत्तर आले. केपटाउन येथील संशोधकांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीपासून बनविलेला स्पेसर मुलांच्या तीव्र झटक्यात बाजारी स्पेसरइतकाच उपयुक्त ठरला.

तथापि यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. ज्याचे हात संधिवाताने वाकडे झाले, ज्याची स्मृती क्षीण झाली, ज्याला दहा सेकंदही श्वास रोखवत नाही, अशा वृद्धाला पंपाची शिस्त जमत नाही. यंत्रापुढे त्याने संथपणे श्वास घेत राहिले तरी पुरते. सिस्टिक फायब्रोसिससारख्या विकारात प्रतिजैविके व तीव्र क्षाराचे पाणी बहुधा यंत्रातूनच द्यावे लागते. सीओपीडीच्या तीव्र अवस्थेपुरते बोलायचे, तर २०१६ च्या कोक्रेन आढाव्याला अवघे आठ अभ्यास व २५० रुग्ण मिळाले. एवढ्या पुराव्यावरून कोणत्याच बाजूला विजयी ठरविता येत नाही. माझ्या मते दम्यापुरता या वादाचा निकाल बराचसा लागलेला आहे : समजून-उमजून वापरणाऱ्या बहुतेकांना स्पेसर पुरेसा आहे, आणि यंत्र हे विशिष्ट कारणासाठी, डॉक्टरने कारण सांगून दिलेले साधन असावे.

दुसरा वाद : आराम आणि विलंब

सुरक्षिततेच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. यंत्राने तात्पुरता आराम पडतो. पण दम्याचा झटका म्हणजे केवळ श्वासनलिकांचे आकुंचन नव्हे, त्यांच्या अस्तराला सूज आलेली असते आणि चिकट कफाचे बूच बसलेले असते, ज्यावर सालब्युटामॉलचा काही इलाज चालत नाही. आकुंचन सैल झाल्याने रुग्णाला वाटते की झटका ओसरला. आत सूज वाढत राहते. दोन तासांनी पुन्हा यंत्र, मग तासाने, मग अर्ध्या तासाने. या प्रत्येक वेळी इस्पितळात जाण्याचा निर्णय पुढे ढकलला जातो.

न्यूझीलंडमध्ये १९७६ पासून दम्याच्या मृत्यूंची जी लाट आली, तिच्या चौकशीत हा मुद्दा प्रथम ठळकपणे समोर आला. १९८७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये घरी नेब्युलायझर दिलेल्या ७५ रुग्णांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि यंत्रावर विसंबून वैद्यकीय मदत मागण्यास होणाऱ्या विलंबाकडे त्याने लक्ष वेधले. दोनच वर्षांनी त्याच देशातील दुसऱ्या गटाने ‘लॅन्सेट’मध्ये बोट ठेवले ते फेनोटेरॉल या औषधावर. एका पक्षाने म्हटले, दोष औषधाचा. दुसऱ्याने म्हटले, अधिक आजारी रुग्णांनाच ते औषध व ते यंत्र दिले जात असल्याने मृत्यू त्यांच्यात अधिक दिसणारच. फेनोटेरॉलचा वापर आवरल्यावर मृत्यू घटले, ही गोष्ट पहिल्या पक्षाला बळ देते. पण विलंबाचा मुद्दा त्यामुळे रद्द होत नाही.

हाच मुद्दा पुढे ब्रिटनमध्ये पुन्हा उभा राहिला. तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१४ साली दम्याच्या १९५ मृत्यूंचा जो अहवाल दिला, त्यानुसार ४५ टक्के रुग्ण मदत मागण्यापूर्वी किंवा मदत पोहोचण्यापूर्वीच दगावले होते. हे सगळे यंत्रामुळे घडले असे नव्हे. पण उशीर केवढा घातक ठरतो याचा तो दाखला आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने ताकीद काढली, की मुलांच्या दम्यात झटक्याच्या वेळी घरी नेब्युलायझर वापरण्याची सुरुवात व देखरेख केवळ तज्ज्ञांनीच करावी. कारण यंत्राच्या आडून आजाराची वाढती तीव्रता झाकली जाते व मदत मागण्यास उशीर होतो.

विरुद्ध पक्षाची भूमिका भूगोलातून आलेली आहे. ज्या देशात रुग्णवाहिका काही मिनिटांत दारी येते, तेथील नियम मेळघाटातल्या किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या वाडीला जसाच्या तसा लावता येत नाही. रात्री दोन वाजता पावसात रस्ता खचलेला असताना घरातले यंत्र हाच पहिला आणि काही काळ एकमेव उपचार असतो, आणि तो काढून घेणे हे सावधगिरीचे नव्हे तर निष्ठुरपणाचे ठरेल, असे या पक्षाचे म्हणणे आहे. ते मला पटते, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष काहीसा निराळा वाटतो : इस्पितळ जितके दूर, तितके निघण्याचे मुहूर्त अलीकडे आणले पाहिजेत. ज्याला दोन तासांचा रस्ता आहे, त्याला यंत्राची परीक्षा पाहत दोन तास घालविणे परवडणारे नाही. यंत्र लावणे आणि गाडी बोलावणे या दोन गोष्टी त्याने एकाच वेळी केल्या पाहिजेत.

दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या धोक्याच्या खुणा अशा. औषध घेऊनही आराम पडत नाही, किंवा पडलेला आराम तीन-चार तासही टिकत नाही. एका दमात वाक्य पुरे होत नाही. मुलाच्या बरगड्यांमधली व गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाते. बाळ दूध ओढत नाही. ओठ निळसर पडतात. रुग्ण गुंगीत जातो. यांपैकी एकही दिसल्यास घरचा उपचार तेथेच संपला, आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून किंवा मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठले पाहिजे. वाटेत औषध चालू ठेवण्यास हरकत नाही. छातीतली घरघर एकाएकी थांबली आणि रुग्ण मात्र थकत चालला, तर ते सुधारणेचे लक्षण मानू नये. हवेचे येणे-जाणे इतके मंदावलेले असते की आवाज करण्याइतकीही हवा उरत नाही.

कपात काय घालावे

यंत्र काहीही उडविते. काय उडवावे हे माणसाने ठरवायचे असते. श्वासनलिका मोकळ्या करणारी सालब्युटामॉल, लेव्होसालब्युटामॉल व इप्राट्रोपियम ही औषधे एका वर्गात, आणि सूज उतरविणारे ब्युडेसोनाइड दुसऱ्या वर्गात मोडते. दुसऱ्या वर्गातील औषध नियमाने, दीर्घकाळ घ्यावयाचे असते आणि झटक्यात त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही, हा भेद घरोघर स्पष्ट झालेला नाही. परिणामी सूज उतरविणारे औषध ‘बरे वाटल्यावर’ बंद होते आणि आराम देणारे मात्र सुटत नाही. २०१९ पासून ‘जिना’ने मोठ्या मुलांत व प्रौढांत केवळ तात्पुरत्या आरामाच्या औषधावर दमा सांभाळण्याची पद्धत नापसंत ठरविली, ती याच अनुभवातून. सालब्युटामॉल अधिक झाल्यास हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातील पोटॅशियम घटते. हृदयविकार असलेल्याला ही बाब क्षुल्लक नसते.

औषध पातळ करण्यासाठी ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक सलाईनच वापरावे. नळाचे पाणी जंतूंमुळे आणि निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी त्यात क्षार नसल्यामुळे वर्ज्य आहे. दम्याच्या रुग्णात साध्या पाण्याचे तुषार श्वासनलिका आकुंचित करतात, इतके की संशोधकांनी या गुणाचा उपयोग दम्याच्या निदानचाचणीसाठी केला होता. निलगिरीचे तेल, कापूर, काढे, अर्क यांना या कपात स्थान नाही. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेले की शरीराला ते सहजी काढून टाकता येत नाहीत आणि तैलजन्य न्यूमोनिया होऊ शकतो. २०२१ साली अमेरिकेत हायड्रोजन पेरॉक्साइडचे तुषार ओढण्याचा प्रचार झाला, तेव्हा तेथील दमा व ॲलर्जीविषयक संस्थेला त्याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला.

आणखी एक गैरवापर आपल्या बालरोग दवाखान्यांच्या बाहेर नित्य दिसतो : तान्ह्या मुलाला सर्दी झाली, छाती वाजू लागली, की यंत्र. दोन वर्षांच्या आतील बाळांना विषाणूंमुळे होणाऱ्या श्वासनलिकांच्या दाहात सालब्युटामॉल देऊ नये, असे अमेरिकन बालरोग अकादमीने २०१४ साली स्पष्ट सांगितले. त्याने आजाराचा कालावधी घटत नाही. ज्यांच्या घरात दम्याचा वारसा आहे अशा बाळांत एकदा प्रयोग करून पाहावा काय, यावर अजून मतभेद आहेत. परंतु गेल्या हिवाळ्यात लिहून दिलेली चिठ्ठी या हिवाळ्यात धाकट्या भावंडासाठी वापरणे कोणत्याही मताला मान्य नाही.

स्वच्छतेचा प्रश्न

ओलसर कप, त्यात राहिलेला द्रव, उबदार खोली : जंतूंना याहून अधिक काय हवे? १९६० च्या दशकात अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी दाखवून दिले, की श्वासोपचाराच्या दूषित उपकरणांतून इस्पितळातच न्यूमोनियाचे जंतू फुप्फुसांपर्यंत पोहोचविले जात होते. थेंब जितका सूक्ष्म, तितका तो खोल जातो. आणि औषधाला लागू असलेला हा नियम जंतूलाही लागू आहे. स्यूडोमोनास व बर्कहोल्डेरिया ही नावे या संदर्भात वारंवार येतात.

किती काटेकोर असावे यावर मात्र एकवाक्यता नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठीची नियमावली सर्वांत कडक आहे : प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुणे, मग निर्जंतुक करणे, त्यासाठी पाच मिनिटे उकळणे किंवा सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटे अथवा तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास बुडविणे, नंतर निर्जंतुक पाण्याने खळबळणे व वाळविणे. व्हिनेगरचा जुना घरगुती उपाय या नियमावलीला पुरेसा वाटत नाही. दम्याच्या साध्या रुग्णासाठी प्रत्येक वेळी खळबळून वाळविणे, दिवसातून एकदा साबण आणि अधूनमधून निर्जंतुकीकरण इतके पुरते, असे बहुसंख्य डॉक्टर व उत्पादक सांगतात. ‘इतके कडक नियम सांगाल तर लोक काहीच पाळणार नाहीत’ हा या सौम्य पक्षाचा युक्तिवाद आहे, आणि घरकामाच्या रगाड्यात यंत्र सांभाळणाऱ्या बाईकडे पाहता तो खोटा म्हणवत नाही. कप उकळण्याजोगा आहे की नाही हे मात्र यंत्राच्या पुस्तिकेत पाहिलेच पाहिजे. काही प्लॅस्टिके उकळल्यावर वाकडी होतात आणि थेंबांचा आकार बिघडतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘वाळविणे’ हा आहे. कोकणात आषाढ-श्रावणात जेथे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तेथे कप पालथा घालून आपोआप वाळेल ही अपेक्षा व्यर्थ होय. पाणी झटकून, सुटे भाग स्वच्छ कागदी रुमालावर पसरून, आणि मग कप जोडून कॉम्प्रेसर मिनिटभर रिकामा चालविल्यास छिद्रातले पाणी निघून जाते. हवेची नळी धुवावयाची नसते; तिच्यात बाष्प साठल्यास कप काढून यंत्र तसेच चालवावे. हवेचा फिल्टर मळकट झाल्यास बदलावा. जेटचा कपही झिजतो, त्याची मुदत उत्पादकाने सांगितलेली असते, आणि पूर्वीपेक्षा औषध संपण्यास फार वेळ लागू लागला तर ती संपली असे समजावे. शेजाऱ्याला कॉम्प्रेसर उसना देणे हा शेजारधर्म झाला. पण कप, मास्क व नळी ज्याची त्याचीच असली पाहिजे.

वापराच्या तपशिलातील मतभेद

रुग्णाने ताठ बसावे, मास्क चेहऱ्याला नीट लागावा, श्वास नेहमीचाच असावा, आणि यंत्र तुटक फुरफुरू लागले की थांबावे, इतपत सर्वमान्य आहे. मोठ्या मुलांना व प्रौढांना मास्कपेक्षा तोंडात धरण्याची नळी बरी. इप्राट्रोपियमचे तुषार मास्कच्या कडेने डोळ्यांत गेल्यास काचबिंदूचा धोका असलेल्याला ते बाधते. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरून तोंड धुणे अगत्याचे आहे, न केल्यास तोंडात बुरशी धरते. रडणाऱ्या बाळाचे काय करावे, हा खरा कूटप्रश्न होय. मास्क चेहऱ्यापासून दूर धरून नुसते तुषार फुंकण्याची रीत सर्वत्र दिसते, पण काही सेंटिमीटर अंतरानेही औषधाचे प्रमाण फार घटते. उलट मास्क दाबून धरावा तर मूल आणखी रडते, आणि रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात औषध कमीच उतरते. झोपेत द्यावे असे काही सुचवितात, तर मूल मध्येच जागे होऊन सारा खटाटोप वाया जातो असे इतर सांगतात. मांडीवर घेऊन, गोष्ट सांगत, मास्कशी आधी खेळू देऊन हळूहळू सवय लावणे हा आयांनी शोधलेला मार्ग चाचण्यांत मोजलेला नसला तरी सर्वांत समंजस दिसतो.

सीओपीडीच्या काही रुग्णांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर असते, आणि त्याच ऑक्सिजनवर यंत्र चालविण्याचा मोह होतो. यांतील काही रुग्णांच्या रक्तात अधिक ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. सबब त्यांच्यासाठी हवेवर चालणारा कॉम्प्रेसरच वापरण्याची शिफारस आहे. वीज गेल्यास काय, याची तजवीजही आधीच हवी. यंत्र असलेल्या प्रत्येक घरात पंप व स्पेसर राखीव असणे हे त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर आहे.

साथीने उभे केलेले प्रश्न

कोरोनाच्या साथीत एक नवाच वाद निघाला. यंत्र चालू असताना विषाणू हवेत पसरतात काय? ब्रिटनच्या आरोग्य खात्याने नाही असे धरले, कारण तुषार कपातल्या द्रवाचे असतात, रुग्णाच्या स्रावाचे नव्हेत. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने पुरावा अनिश्चित ठरविला. आणि अनेक इस्पितळांनी धोका न पत्करता यंत्र बाजूला सारून स्पेसर स्वीकारला. घरापुरता व्यवहार्य तोडगा असा निघाला, की संसर्ग असता यंत्र वेगळ्या खोलीत, खिडकी उघडून लावावे व त्या वेळी इतरांनी तेथे थांबू नये. याच काळात, २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या टंचाईने लोक हवालदिल झालेले असताना, औषधाशिवाय नुसते नेब्युलायझर चालविल्याने ऑक्सिजन मिळतो असे सांगणारी चित्रफीत देशभर फिरली. यंत्र खोलीतलीच हवा आत ओढून बाहेर फेकते. तिच्यात ऑक्सिजनचा एक कणही ते वाढवीत नाही.

त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने नेब्युलायझरसह पाच वैद्यकीय उपकरणांवरील व्यापारी नफ्यास ७० टक्क्यांची मर्यादा घातली. यंत्र स्वस्त होणे इष्टच. परंतु दुकानदार यंत्रासोबत वापराचे शिक्षण देत नाही, आणि ते देण्याचे बंधनही कोणावर नाही.

अनिर्णित बाबी

अनेक गोष्टी अजून सुटावयाच्या आहेत. ब्रिटनसारखी तज्ज्ञाच्या देखरेखीची अट आपल्याकडे घालावी, तर फुप्फुसरोगतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. न घालावी, तर चिठ्ठीशिवाय रेस्प्यूल विकत मिळण्याचा दस्तूर चालूच राहणार. तालुक्याच्या ठिकाणचा वैद्यकीय अधिकारी व आशा कार्यकर्ती यांना हे शिक्षण देऊन मधला मार्ग काढता येईल, असे मला वाटते. केव्हा यंत्र लावावे, किती वेळा लावावे व केव्हा निघावे, हे मराठीत एका कागदावर लिहून प्रत्येक रुग्णाला दिले, तर त्याची सुरुवात होईल. परंतु असा कागद हाती असल्याने मृत्यू घटतात काय, हे ग्रामीण भागात पद्धतशीरपणे तपासून पाहिले पाहिजे.

शेवटचा प्रश्न नव्या यंत्रांचा आहे. कंप पावणाऱ्या सूक्ष्म जाळीतून तुषार काढणारी यंत्रे लहान, आवाजविरहित व बॅटरीवर चालणारी असल्याने वीज जाणाऱ्या गावात त्यांचे स्वागत होणे साहजिक आहे. त्यांत कपात उरणारा द्रव अगदी थोडा असतो, म्हणजे तीच मात्रा घातली तरी फुप्फुसात अधिक औषध जाते. प्रचलित मात्रा मात्र जुन्या जेट यंत्रातील नासाडी गृहीत धरून ठरलेल्या आहेत. जाळीची छिद्रे ब्युडेसोनाइडसारख्या गढूळ द्रवाने तुंबण्याचा संभव असतो, आणि श्राव्यातीत लहरींवर चालणारी यंत्रे तर त्या औषधासाठी अयोग्यच ठरलेली आहेत. प्रत्येक औषधाची प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी वेगळी मात्रा ठरावी की नाही, यावर तज्ज्ञांत अजून विचार चालू आहे. तूर्त, घरातले यंत्र बदलल्याची वर्दी डॉक्टरांना देऊन मात्रा त्यांच्याकडून पुन्हा ठरवून घेणे, आणि ती ठरेपर्यंत जुने यंत्र टाकून न देणे, एवढा मार्ग रुग्णाला मोकळा आहे.